आणेवारीचे कागद आणि इतिहासाचा पुरावा
(यवतमाळ जिल्ह्याच्या दाखल्यावरून केलेली चिकित्सा)

वतनदार घराण्यांच्या दप्तरांचा शोध घेतांना आपण सनदा, महजर, निवाडे व वंशावळी यांची चौकशी मोठ्या आस्थेनें करतों. त्याच रुमालांत गांवचे हिशेब, खानेसुमारीच्या यादी, पीकपाहणीचे तक्ते व आणेवारीचे कागद पडलेले असतात, त्यांकडे मात्र ‘किरकोळ’ म्हणून कानाडोळा होतो. पुढें केव्हां तरी एखाद्या परगण्याच्या दुष्काळाचा किंवा वस्तीचा इतिहास लिहावयाचा प्रसंग आला, म्हणजे याच किरकोळ कागदांतून दोन-चार आंकडे उचलले जातात आणि “अमुक सालीं परगण्यांत निम्मेंच पीक आलें” असें विधान निःशंकपणें केलें जातें. ज्या संशोधकाच्या हातून शकाच्या एका अंकावरून वीस पृष्ठांचा वाद उत्पन्न होतो, तोच संशोधक आंकड्यांच्या बाबतींत इतका भोळा कां व्हावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. प्रस्तुत लेखांत कोणाही एका लेखकावर टीका करण्याचा हेतु नाहीं. आपणां सर्वांच्या अंगवळणीं पडलेल्या एका संवयीची चिकित्सा करावयाची आहे.

दाखल्यासाठीं यवतमाळ जिल्हा घेतला आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें हा प्रदेश वणी जिल्हा या नांवानें ओळखला जाऊं लागला आणि १९०५ सालीं त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. कापसाचा हा मुलूख. पीक बुडालें कीं माणूस बुडतो, हें येथें सांगावयास इतिहासकार लागत नाहीं. म्हणूनच पिकाचा अंदाज कोणी, कसा व किती खात्रीनें केला, या प्रश्नास येथें केवळ विद्वत्तेचें मोल नाहीं.

(१)

आणेवारी म्हणजे काय हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. पूर्ण पीक तें सोळा आणे मानून, प्रत्यक्ष उभें पीक त्याच्या किती आणे आहे हें नजरेनें ठरवावयाचें, ही ती पद्धत. सरकारी अंदाजाचें गणित तीन अंगांचें असे : पेऱ्याचें क्षेत्र, दर एकरीं ठरविलेलें प्रमाणभूत उत्पन्न आणि त्या वर्षाची आणेवारी. तिघांचा गुणाकार केला कीं जिल्ह्याचें पीक निघालें. यांपैकीं क्षेत्राचा आंकडा मोजणीमुळें बराच विश्वसनीय असे. प्रमाणभूत उत्पन्न वर्षानुवर्षें तेंच चालू राही. तिसरें अंग, म्हणजे आणेवारी, हें तर सर्वस्वीं गांवकामगाराच्या डोळ्यावर अवलंबून.

येथें पहिला घोटाळा ‘पूर्ण’ या शब्दाचा आहे. सोळा आणे म्हणजे सर्वोत्तम पीक कीं नेहमींचें पीक ? निरनिराळ्या प्रांतांत यासंबंधीं एकवाक्यता नव्हती; कोठें सामान्य वर्षाचें पीक सोळा आणे धरीत, तर कोठें बारा आणे. तेव्हां एका प्रांताच्या कागदांतील ‘नऊ आणे’ व दुसऱ्या प्रांताच्या कागदांतील ‘नऊ आणे’ हे शेजारीं शेजारीं मांडून तुलना करणें म्हणजे दोन गांवचे निरनिराळे शेर एकाच तागडींत घालण्यासारखें आहे. जुन्या पायलीचें माप ठरवितांना आपण जी काळजी घेतों, ती आण्याचें माप ठरवितांनाही घेतली पाहिजे.

दुसरा घोटाळा हेतूचा आहे. आणेवारी चढली कीं सारा पुरा भरावा लागे. उतरली कीं तहकुबीची किंवा सुटीची आशा असे. आणेवारी लिहिणारा गांवांतच राहणारा. त्यानें हात किंचित् आंखडता धरला तर त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. पण कागद वाचणारानें हें विसरतां कामा नये. कापसाच्या बाबतींत याची पारख करण्यास एक चांगलें साधन उपलब्ध झालें. १९२५ च्या कायद्यानें जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांना दाबलेल्या गांठींचे आंकडे कळवावे लागूं लागले. गिरण्यांचा खप, निर्यात व घरगुती वापर यांची बेरीज सरकारी अंदाजाशीं ताडून पाहतां सरकारी अंदाज बहुधा कमी भरत असे आढळून आलें. म्हणजे आणेवारीची चूक ही कधीं इकडे कधीं तिकडे अशी नव्हती; तिचा कल एकाच बाजूस होता.

(२)

आतां संशोधकाच्या संवयीकडे वळूं. समजा, एका परगण्यांत ३०० गांवें होतीं आणि एका घराण्याच्या दप्तरांत एका सालचे बारा गांवांचे आणेवारीचे कागद सांपडले. त्यांतील आंकडे असे : ६, ९, ७, ११, ५, ८, १०, ७, ४, ९, १२, ८. हा दाखला आम्हीं समजुतीसाठीं रचलेला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. बेरीज ९६, गांवें बारा, म्हणून सरासरी ८ आणे. येथें आपला लेखक थांबतो आणि लिहितो, “परगण्यांत त्या वर्षीं निम्में पीक आलें.”

परंतु या बारा आंकड्यांत आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे व ती न वाचतां पुढें जाणें म्हणजे कागद अर्धाच वाचणें होय. गांवागांवांत फरक मोठा आहे. कोठें चार आणे, कोठें बारा. ही फांक मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक आंकडा सरासरीपासून किती दूर आहे तें पाहावें, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यावी. ती येथें ६२ येते. तिला एक कमी बारा, म्हणजे अकरांनीं भागून वर्गमूळ काढलें कीं सुमारें २.३७ आणे हा गांवागांवांतील फरकाचा सरासरी माप येतो. बारा गांवांच्या सरासरींत हा फरक कांहींसा मुरतो. म्हणून त्याला बाराच्या वर्गमुळानें भागावें. उत्तर सुमारें ०.६९ आणे. नमुना इतका लहान असतां या अंकाची सुमारें २.२ पट धरावी असें शास्त्र सांगतें. तेव्हां दीड आणा हा अंदाजाचा अधिक-उणेपणा ठरला.

अर्थात् प्रामाणिक विधान असें होईल : “हीं बारा गांवें जर तीनशेंतून चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखीं असतील, तर परगण्याची सरासरी आणेवारी साडेसहा व साडेनऊ आणे यांच्या दरम्यान असावी.” परगण्यांत निम्म्याहून कमी पीक आलें कीं अधिक, हा जो मूळ प्रश्न, त्याचा निर्णय या बारा कागदांवरून होत नाहीं. जें विधान निश्चित म्हणून छापलें गेलें तें वस्तुतः अनिर्णीत आहे.

या अधिक-उणेपणाचा अर्थही नीट समजून घ्यावयास हवा. परगण्याची खरी सरासरी एकच आहे. ती इकडून तिकडे हालत नाहीं. हालतो तो आपला अंदाज; कारण दुसरीं बारा गांवें निघालीं असतीं तर दुसरी सरासरी आली असती. या रीतीनें शंभर वेळां बारा-बारा गांवें काढून शंभर मर्यादा बांधल्या, तर त्यांपैकीं सुमारें पंचाण्णवांत खरा आंकडा सांपडेल, एवढेंच आश्वासन आहे. आपल्या हातीं आलेली मर्यादा त्या पंचाण्णवांतील कीं उरलेल्या पांचांतील, हें कोणीही सांगूं शकत नाहीं. हें आश्वासन पद्धतीविषयीं आहे. त्या एका उत्तराविषयीं नाहीं.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. ही मर्यादा निम्मी करावयाची तर दुप्पट गांवें पुरत नाहींत, चौपट लागतात. बाराच्या जागीं अठ्ठेचाळीस गांवांचे कागद मिळाले तरच दीड आण्याचा पाऊण आणा होईल. म्हणून एखाद्या नव्या रुमालांत आणखी तीन गांवें सांपडलीं म्हणजे प्रश्न सुटला, असा उत्साह बाळगणें व्यर्थ आहे.

(३)

येथवर झालें तें योगायोगाच्या चुकीचें. तिच्याहून अवघड शत्रु दुसराच आहे. वर आम्हीं “चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखीं असतील तर” अशी अट घातली. जुन्या दप्तरांत ती अट क्वचितच पाळली जाते. आणेवारीचा कागद घराण्यानें जपून कां ठेवला ? बहुधा त्यावर तंटा झाला म्हणून. सुटीसाठीं अर्ज करावा लागला, कज्जा वर गेला, पुढें दाखवावा लागेल अशी भीति होती, म्हणून. ज्या गांवीं पीक बरें आलें, सारा भरला गेला, त्या गांवच्या कागदाला कोणी विचारलें नाहीं. तो वाळवीनें खाल्ला किंवा पुड्या बांधण्यास गेला. म्हणजे जे कागद काळानें आपल्या हातीं दिले ते मुळांतच पडत्या पिकाचे, अशी पुष्कळ शक्यता. त्यांची सरासरी खऱ्या सरासरीहून खालीं येणारच. आणि यावर विशेष हें कीं, असे कागद बाराचे बाराशें झाले तरी ही चूक कमी होत नाहीं. योगायोगाची चूक संख्येनें झिजते. निवडीची चूक संख्येनें उलट बळावते, कारण मोठ्या संख्येमुळें आपला विश्वास मात्र वाढतो.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही विचारपूर्वक प्रातिनिधिक गांवें निवडूं.” या युक्तीचीही परीक्षा होऊन गेली आहे. इटलींत १९२१ च्या खानेसुमारीचे कागद सगळे ठेवणें शक्य नसल्यानें जिनी व गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनीं २१४ विभागांतून २९ विभाग असे वेंचले कीं कांहीं महत्त्वाच्या बाबतींत त्यांची सरासरी सर्व देशाच्या सरासरीशीं जुळावी. त्या बाबी जुळल्या. इतर बाबतींत मात्र तो नमुना देशाशीं जुळेना. पुढें १९३४ सालीं नेमन यानें या प्रकरणाची सांगोपांग चिकित्सा करून दाखविलें कीं, निवड ही जाणत्या माणसाच्या पसंतीवर न सोंपवितां चिठ्ठीवर सोंपविली तरच चुकीचें माप सांगतां येतें. ज्ञात्याचा अपमान वाटावा असें हें तत्त्व आहे; पण तें खरें आहे.

(४)

वऱ्हाडास हें तत्त्व परकें नाहीं, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे. पिकाच्या अंदाजासाठीं चिठ्ठीनें जागा ठरवून तेथील पीक कापून तोलण्याचा प्रयोग हबॅक या अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या काळांत बिहार-ओरिसांत भाताच्या पिकावर केला. बंगाल्यांत महालनोबीस यांनीं १९३७ पासून तागाच्या पिकाची पाहणी या मार्गानें आरंभिली. कापसासाठीं इंदूरच्या संशोधनसंस्थेंतील विनायक गोविंद पानसे यांनीं कळमकर यांच्या साह्यानें १९४२–४३ च्या हंगामांत यवतमाळास लागून असलेल्या अकोला जिल्ह्यांत ही पद्धत चालवून पाहिली. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं गहूं-भाताच्या बाबतींत तेंच कार्य केलें.

या पद्धतीचें सार असें. प्रथम गांवें चिठ्ठीनें काढावयाचीं. गांवांत त्या पिकाचीं शेतें चिठ्ठीनें काढावयाचीं. शेतांत ठराविक मापाचा तुकडा कोठें आंखावा हेंही चिठ्ठीनेंच ठरवावयाचें. मग त्या तुकड्यांतील पीक कापून तोलावयाचें. कापसाला अडचण विशेष. भात एकदां कापला कीं झालें. कापसाची वेंचणी अनेक खेपांनीं होते, म्हणून त्याच तुकड्यावर पुन्हां पुन्हां जावें लागतें व प्रत्येक वेंचणीचें वजन निराळें नोंदावें लागतें. एक खेप चुकली तर तुकडा फुकट.

यांतून जो वाद उद्भवला तो आपणां संशोधकांना फार बोधप्रद आहे. तुकडा लहान घेतला तर श्रम वांचतात व तेवढ्याच वेळांत पुष्कळ तुकडे कापतां येतात. महालनोबीसांचा कल तिकडे होता. पानसे-सुखात्मे यांचा आक्षेप असा कीं, लहान तुकड्यांत पीक प्रमाणाहून अधिक भरतें. कारण उघड आहे. रेषेवर उभें असलेलें झाड आंत घ्यावें कीं बाहेर टाकावें अशी शंका आली म्हणजे कापणाऱ्याचा हात तें आंत घेतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या आकाराच्या मानानें परीघ मोठा व तितकीं शंकेचीं झाडें अधिक. माणसें चांगलीं शिकविलीं तर हा दोष आवरतां येतो, असें उलट पक्षाचें म्हणणें होतें व त्यांतही तथ्य होतें. परंतु मुद्दा हा कीं, नजरअंदाज टाकून काटा हातांत घेतला म्हणून पक्षपात संपत नाहीं. तो केवळ जागा बदलतो, आणि त्याची नवी जागा शोधून काढणें हें चिकित्सकाचें काम आहे. नकलकार संशयित अक्षर नेहमीं परिचित शब्दाकडे ओढतो, हें आपण पोथ्यांच्या पाठभेदांत पाहतोंच. रेषेवरचें झाड व शंकेचें अक्षर यांत अंतर फारसें नाहीं.

(५)

लोकसंख्येच्या अंदाजांत हेच दोष अधिक ठळकपणें दिसतात. १८६७ सालीं वऱ्हाडांत पहिली खानेसुमारी झाली. तिच्या पूर्वींची वस्ती अनुमानानेंच काढावी लागते. आइने-अकबरींत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग कळंब व माहूर या सरकारांत दाखविलेला आहे. परंतु उत्तरेकडील सुभ्यांच्या मोजलेल्या जमिनीचे जसे आंकडे त्या ग्रंथांत आहेत तसे वऱ्हाडाचे नाहींत, जमेचे आहेत. मोरलंड यानें १९२० सालीं अकबराच्या अखेरच्या काळांतील हिंदुस्थानची वस्ती १० कोटि ठरविली. उत्तरेसाठीं त्यानें लागवडीच्या क्षेत्राचा आधार घेतला. दक्षिणेसाठीं तो आधार नसल्यानें सैन्याच्या संख्येस सुमारें तिसांनीं गुणून वस्ती काढली. सैन्याचे आंकडे बखरकारांचे व प्रवाशांचे, आणि तीस हा गुणक युरोपांतील राष्ट्रांवरून सुचलेला. पुढें डेव्हिस यानें १९५१ सालीं तोच आंकडा साडेबारा कोटींवर नेला व शिरीन मूसवी यांनीं तो साडेचौदा कोटींच्या आसपास आणला. तिघेही विद्वान्, साधनें बहुशः तींच. तरी उत्तरांत साडेचार कोटींचें अंतर. यावरून त्यांचें श्रेय कमी होत नाहीं. पण कोणताही एक आंकडा एकट्यानें उद्धृत करणें किती धोक्याचें आहे हें दिसतें.

ज्यानें हा मार्ग प्रामाणिकपणें चालून दाखविला त्याचा दाखला जुनाच आहे. फ्रान्सची वस्ती काढण्यासाठीं लाप्लास यानें तीस विभागांतील निवडक गांवांची २२ सप्टेंबर १८०२ ची शिरगणती मिळविली. माणसें भरलीं २०,३७,६१५. त्याच गांवांतील तीन वर्षांचे जन्म होते २,१५,५९९. म्हणजे दर वर्षीं एका जन्मामागें सुमारें २८.३५ माणसें. देशांतील वार्षिक जन्मांस या अंकानें गुणलें कीं वस्ती निघाली. परंतु लाप्लास तेथें थांबला नाहीं. आपल्या उत्तरांत पांच लक्षांहून अधिक चूक नसण्याचा संभव किती, हेंही त्यानें गणितानें सांगितलें. आपण दर घरीं पांच माणसें धरून खानेसुमारीच्या घरांस गुणतों, त्यांत हा दुसरा अर्धा भाग कोठें असतो ? ‘घर’ म्हणजे उंबरा, चूल कीं वाडा, याचा तरी खुलासा असतो काय ? गुणक पांचाचा साडेचार केला तर उत्तर शेंकडा दहांनीं उतरतें. एवढें तरी वाचकास सांगावयास नको काय ?

पूर्ण गणती झाली तरी सावधपणा सुटत नाहीं. १९०१ सालीं वणी जिल्ह्याची वस्ती ४,६६,९२९ होती. १९०५ नंतर यवतमाळ जिल्ह्याची त्याच १९०१ सालची वस्ती म्हणून ५ लक्ष ७६ हजारांच्या आसपासचा आंकडा दिलेला आढळतो. जो हे दोन आंकडे निरनिराळ्या ग्रंथांतून घेईल तो वस्ती वाढल्याचा शोध लावील ! वस्तुतः वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला, इतकेंच.

उलट १९४१ ची गोष्ट पाहा. युद्धामुळें त्या खानेसुमारीच्या चिठ्ठ्यांची पूर्ण छाननी सोडून द्यावी लागली. पण अधिकारी यीट्स यांनीं दर पन्नास चिठ्ठ्यांमागें एक, म्हणजे शेंकडा दोन, वेगळ्या काढून ठेवविल्या व त्यांवरून पुढें वयाचे तक्ते तयार झाले. समजा, एका जिल्ह्याची वस्ती आठ लक्ष आहे; तर हातीं सोळा हजार चिठ्ठ्या आल्या. त्यांत शेंकडा तेरा मुलें पांच वर्षांखालचीं निघालीं, तर चिठ्ठ्यांच्या निवडीमुळें पडणारा अधिक-उणेपणा शेंकडा अर्ध्याच्या जवळपास राहील. शेंकडा दोन कागदांवरून इतकें निश्चित सांगतां येतें, आणि एका घराण्याच्या निवडक रुमालावरून कांहींच सांगतां येत नाहीं. फरक संख्येचा नव्हे. कागद कसे निवडले गेले याचा आहे. अर्थात् ज्यानें आपलें वय ‘चाळीस’ म्हणून ठोकून दिलें त्याची चूक दोनांतही राहते व शंभरांतही राहते.

(६)

आतां एका आक्षेपाचें उत्तर दिलें पाहिजे. “इतिहासांत चिठ्ठी टाकण्याची सोय नाहीं, काळानें जें राखलें तेंच आमचें साधन,” असें म्हटलें जाईल. साधन अल्प असेल तेथें हें खरें आहे. पण साधन अपार असेल तेथें निवड काळ करीत नाहीं, आपणच करतों. पेशवे दप्तराचे हजारों रुमाल पाहून सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग प्रसिद्ध झाले. तो उद्योग थोरच होता. परंतु ती राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें केलेली वेंचणी होती. त्या ४५ भागांत अमुक विषयाचे कागद शेंकडा इतके आहेत, म्हणून दप्तरांतही तितकेच असावेत, असें अनुमान कोणी केलें तर दोष संपादकाचा नव्हे, अनुमान करणाराचा. दप्तरांत गांवच्या हिशेबाचे कागद किती याचा अंदाज हवा असेल, तर सर्व दप्तरांतून चिठ्ठीनें ४०० कागद काढून पाहावेत. उत्तर फार तर शेंकडा पांच इकडे-तिकडे होईल. पंधरा दिवसांचें काम आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांनाही या रीतीचा उपयोग आहे. समजा, एका टापूंत एका संग्राहकास ६० निरनिराळे ग्रंथ मिळाले, दुसऱ्यास स्वतंत्रपणें ५०, व दोघांत समान निघाले २०. दुसऱ्याच्या पन्नासांपैकीं दोन पंचमांश ग्रंथ पहिल्याच्या संग्रहांत आहेत, तेव्हां पहिल्याचा संग्रहही एकंदर ग्रंथांच्या दोन पंचमांश असावा. म्हणजे टापूंत सुमारें १५० ग्रंथ असावेत. अधिक-उणेपणा चाळिसांच्या घरांत येतो. नांवें ठाऊक झालीं ९०. अजून न सांपडलेले ग्रंथ सुमारें वीस असतील किंवा शंभरही असतील. दोघेही संग्राहक त्याच त्या मठांतून हिंडले असतील, तर खरी संख्या याहूनही मोठी धरावी. याच जातीच्या गणितानें २०२२ सालीं युरोपांतील मध्ययुगीन वीरकथांचा हिशेब मांडण्यांत आला : ग्रंथांपैकीं शेंकडा ६८ टिकले, पण हस्तलिखित प्रतींपैकीं शेंकडा ९ च, असा तो अंदाज आहे. यवतमाळच्या शारदाश्रमानें व महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक यशवंत खुशाल देशपांडे यांनीं ज्या प्रदेशांत पोथ्यांचा शोध केला, त्या प्रदेशाविषयीं असा प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे ?

या सर्वांवरून आणेवारीचे कागद टाकाऊ आहेत असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. एकाच गांवचे, एकाच हाताचे, लागोपाठच्या वर्षांचे कागद मिळाले तर ते फार मोलाचे. कारण हात आंखडता असला तरी तो दर वर्षीं सारखाच आंखडता असणार, आणि दोन वर्षांच्या तुलनेंत तो दोष बहुतांशीं उडून जातो. पीक किती आलें हें ते कागद खात्रीनें सांगणार नाहींत. गेल्या वर्षापेक्षां घटलें कीं वाढलें हें सांगतील. साक्षीदाराला जें ठाऊक आहे तेंच विचारावें.

आमची सूचना एवढीच आहे कीं, जुन्या कागदांवरून समग्राचा आंकडा देणारानें चार गोष्टी सोबत द्याव्या : एकंदर गांवें, घरें किंवा कागद किती होते, त्यांपैकीं किती पाहिले, जे पाहिले ते कां व कसे हातीं आले, आणि आंकड्यांत आपापसांत फांक किती आहे. या चार गोष्टी असतील तर मर्यादा वाचकही काढूं शकेल. नसतील तर ‘७.६ आणे’ असा दशांशाचा डौल संपादकांनीं छापूं नये.

(७)

हा प्रश्न मेलेल्या माणसांचाच असता तरी तो महत्त्वाचा होता; पण तो जित्यांचाही आहे. १९५७ सालीं दशमान नाणें आलें आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांच्या जागीं पन्नास पैसे आले. त्या रेषेखालीं गांव गेलें तर टंचाईच्या सवलती, वर राहिलें तर नाहीं. नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा तीन पायऱ्यांनीं यवतमाळांतील गांवांची पैसेवारी जाहीर होत आली आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या पीकविमा योजनेंत पीककापणीच्या प्रयोगांवर भरपाई ठेवण्यांत आली व महसूल मंडळास एका पिकासाठीं किमान दहा प्रयोग नेमून दिले गेले. समजा, मंडळांतील शेताशेतांत उत्पन्नाचा फरक सरासरीच्या शेंकडा चाळीस आहे. तर दहा प्रयोगांच्या सरासरीचा अधिक-उणेपणा शेंकडा २८ च्या आसपास येतो. अशा आंकड्यावर एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे शेंकडों घरांचा निर्णय लागतो, आणि तो आंकडा मर्यादेवांचून जाहीर होतो.

हे आजचे तक्ते उद्यां आपल्याच पंथाच्या कोणा संशोधकाच्या हातीं पडतील. त्या वेळीं तोही त्यांतून एक सरासरी उचलून “त्या सालीं यवतमाळांत इतकें पीक आलें” असें लिहून मोकळा झाला, तर ज्या शेतकऱ्याचें शेत त्या दहा तुकड्यांत पडलें नाहीं त्याच्यावर दोनदां अन्याय होईल : एकदां हयातींत आणि एकदां इतिहासांत. पहिला टाळणें आपल्या हातीं नाहीं, दुसरा आहे.